डावीकडचा कंद

बॉस्टनच्या एका उपनगरात एक दीर-भावजय एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतात. भाऊजींच्या परसात जेरुसलेम आर्टिचोकचा वाफा आहे. अमेरिकेतल्या दुकानांत हाच कंद सनचोक म्हणून मिळतो. दिसायला आल्याच्या गड्ड्यासारखा, कुळानं सूर्यफुलाचा. भाऊजी तो पिकवतात, वहिनी तो रांधतात, आणि त्याच्याबद्दल दोघांचं कधी जमत नाही. मार्च संपत आलेला, गोठलेली जमीन नुकती मोकळी झालेली. वाफा वाढवायचा की मोडायचा, यावरून स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी झालेलं हे बोलणं.

भाऊजी : वहिनी, आज सकाळीच खणले. सबंध थंडी जमिनीत काढलीय त्यांनी, आता खरी गोडी उतरलीय.

वहिनी : मागच्या वेळचे अजून फ्रिजमध्ये सुरकुतून पडलेत. भाऊजी, या वर्षी तो वाफा मोडूनच टाका ना.

भाऊजी : मोडू? अहो, परसात एवढं गुणी पीक दुसरं नाही. एप्रिलमध्ये कंद चार-पाच इंच खोल पुरायचे, दोन कंदांत फूट-दीड फूट अंतर ठेवायचं, की संपलं माझं काम. फवारणी नको, टोमॅटोला लागतात तशा काठ्या नकोत. बटाटा लावायचो तेव्हा पानांवरचे कोलोरॅडो भुंगेरे वेचण्यात माझे रविवार जायचे. हे झाड जुलैअखेर माझ्या डोक्यावरून जातं, दहा फुटांपर्यंत वाढतं. गणपतीच्या सुमारास पिवळी फुलं येतात, मधमाश्यांची नुसती झुंबड. मग फ्रॉस्ट पडला की पानं काळी पडतात, खोड वाळतं. ते वीतभर ठेवून कापायचं आणि वर गळलेल्या पानांचा जाड थर घालायचा, म्हणजे खालची माती लवकर गोठत नाही. लागतील तसे खणून आणायचे. एकेका झाडाखाली किलो-दीड किलो सहज निघतात.

वहिनी : तुमचं काम संपतं म्हणालात ना, तिथंच माझं सुरू होतं. हा कंद गाठीगाठींचा, आणि त्या गाठींच्या बेचक्यांत तुमची सगळी माती. ब्रश घेऊन एकेक घासत बसा. साल काढायला गेलं तर निम्मा कंद सालीबरोबर जातो. चिरला की काळा पडायला लागतो, म्हणून लिंबाच्या पाण्यात टाका. उकडायला ठेवला तर बराच वेळ दगड, आणि जरा पाठ फिरवली की लगदा. वाफ्यात वाचलेले कष्ट कुठं गेले म्हणता? माझ्या सिंकमध्ये आले.

भाऊजी : साल काढायचीच कशाला? पातळ असते. तेल-मीठ लावून ओव्हनमध्ये भाजले की छान कुरकुरीत होते.

वहिनी : ते मी करतेच. साल ठेवली म्हणून माती थोडीच खायची? पण माझी मूळ तक्रार सालीची नाहीच. कोजागरी आठवते ना? तुम्ही हौसेनं काळ्या मसाल्याची रस्साभाजी केलीत. लोकांनी बटाटा समजून दोन-दोन वाट्या ओरपली. मसाला दूध यायच्या आत निम्मी मंडळी घरी पळाली, आणि का ते कुणी कुणाला सांगितलं नाही.

भाऊजी : हिंग कमी पडला होता त्यात.

वहिनी : हिंगानं पोटाला बरं वाटेल, पण यातलं इन्युलिन हिंगानं तुटत नाही. बटाट्यात स्टार्च असतो. तो तोडणारी विकरं आपल्या लाळेत आहेत, आतड्यात आहेत. या कंदात स्टार्च जवळपास नाहीच. ८० टक्क्यांच्या आसपास पाणी, आणि उरलेल्यात मोठा वाटा इन्युलिनचा, म्हणजे फ्रुक्टोजच्या रेणूंच्या लांब साखळ्यांचा. त्या तोडणारं विकर माणसाकडे नाही. साखळी तशीच मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात, आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, कुणाकुणाच्या पोटात मिथेनसुद्धा तयार होतो. मग घरात पाहुणे असोत की नसोत.

भाऊजी : स्टार्च नाही हाच तर माझा मुद्दा. डॉक्टरांनी मला भात-बटाटा कमी करायला सांगितलंय. हा खाल्ला तर रक्तातली साखर फारशी चढत नाही. शिवाय ज्या जिवाणूंना तुम्ही नावं ठेवताय, त्यांच्यातले कित्येक उपकारीच आहेत. लोक तर त्यांना पोसायला पैसे देऊन इन्युलिनचे डबे आणतात.

वहिनी : डबा आणणारा चमचाभर घेतो, तुम्ही वाडगाभर वाढता. त्या डब्यातलं इन्युलिन बहुतेक चिकोरीच्या मुळाचं असतं, आपल्या फिल्टर कॉफीत घालतात तीच चिकोरी. कांद्या-लसणातही याच जातीच्या साखळ्या असतातच. पण लसणाची भाजी म्हणून कुणी वाटीभर खात नाही. थोडं-थोडं वाढवत नेलं तर बऱ्याच जणांच्या पोटाला सवय होते. ज्यांचं आतडं मुळातच नाजूक आहे, त्यांनी मात्र याच्या वाटेला न गेलेलंच बरं. आणि साखर चढत नाही म्हणून ते औषध होत नाही. तुमच्या गोळ्या चालूच ठेवा.

भाऊजी : गोळ्या चालूच आहेत. पण वहिनी, एक सांगा. आपण इथं येऊन काय-काय जगवतो? कढीपत्त्याची कुंडी मे महिन्यात बाहेर, सप्टेंबरात आत. भेंडीला ऊन पुरत नाही म्हणून दिवे. आणि जे इथल्याच मातीचं आहे, बिनबोभाट येतं, त्याला आपल्या स्वयंपाकघरात जागा नाही! हा कंद मूळचा उत्तर अमेरिकेचा. १६०५च्या उन्हाळ्यात सॅम्युएल द शांप्लँ नावाचा फ्रेंच दर्यावर्दी इथं जवळच, केप कॉडच्या किनाऱ्याला लागला, तेव्हा मूळ रहिवाशांच्या बागांत त्यानं तो लावलेला पाहिला. चव त्याला आर्टिचोकसारखी वाटली. आपण तर चारशे वर्षं उशिरा आलेले पाहुणे. यजमानाच्या घरचं ताट नाकारायचं?

वहिनी : यजमानाचं ताट नाकारत नाही मी. ते कसं खायचं हे यजमानाला न विचारता घरी उचलून नेणारे फसले, एवढंच म्हणते. शांप्लँनंतर थोड्याच वर्षांत कंद युरोपात पोचला. इंग्लंडातल्या हॅम्पशरमध्ये जॉन गुडइयर नावाचे वनस्पतीतज्ज्ञ होते. त्यांना १६१७ मध्ये लंडनच्या एका गृहस्थांकडून कोंबडीच्या अंड्याएवढे दोन कंद मिळाले. एक त्यांनी लावला, दुसरा मित्राला दिला. काही वर्षांनी त्यांनी जे लिहिलं, ते १६३३ मध्ये जेरार्डच्या वनस्पतीकोशाच्या नव्या आवृत्तीत छापलं गेलं. त्याचा मथितार्थ असा, की कसेही शिजवा, पोटात वारा धरतो, कळा येतात, आणि हे अन्न माणसांपेक्षा डुकरांना बरं.

भाऊजी : तुम्ही त्यांची अर्धीच गोष्ट सांगता. त्या एका कंदापासून इतके झाले, की याच गुडइयरांनी सगळ्या हॅम्पशरला बेणं पुरवलं! नावं ठेवली ती नंतर. झाड त्यांनाही आवडलंच होतं.

वहिनी : तेच म्हणते मी. झाड आवडतं लावणाऱ्याला. निकाल लागतो जेवणाऱ्याच्या पोटात.

भाऊजी : मग फ्रान्सचं काय म्हणाल? दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा ताबा होता, बटाटे त्यांच्या सैन्याकडे जायचे. तेव्हा फ्रेंच घरांत हाच कंद आणि रुटाबागाची मुळं शिजत होती. ज्याला कुणी विचारत नव्हतं, त्यानं पडत्या काळात साथ दिली. भरल्या पोटी नाक मुरडणं सोपं असतं, वहिनी.

वहिनी : तुमचं हे बोलणं लागतं मनाला. भूक असेल तेव्हा गुणदोष बघत नाहीत, मान्य. पण पुढचंही सांगा ना. युद्ध संपल्यावर त्या पिढीतल्या कित्येकांनी हा कंद पुन्हा घरात येऊ दिला नाही. तो दिसला की त्यांना ते दिवस आठवायचे. आणि दुसरी गोष्ट, जे इन्युलिन आपल्याला पचत नाही, त्यातून ताकदही फार मिळत नाही. तेवढ्याच स्टार्चच्या निम्म्याहून कमी. म्हणजे पोट फुगतं, पण भूक पुरती भागत नाही. बटाट्याची जागा या कंदाला दिली ती नाइलाजानं. आता तसा नाइलाज नाही.

भाऊजी : आणि आता? आता तेच फ्रेंच लोक त्याला विस्मरणात गेलेली भाजी म्हणून कौतुकानं परत आणतायत. मोठमोठ्या रेस्तराँमध्ये मिळतो.

वहिनी : किती मिळतो? खोलगट बशीत चार चमचे सूप, वर हेझलनटचे तुकडे. तुम्ही आपणहून माझ्या मुद्द्यावर आलात, भाऊजी. तो कंद वाईट नाही. त्याची जागा चुकलीय. आपल्या ताटाला डावी बाजू असते आणि उजवी असते. उजवीकडे पोट भरणाऱ्या भाज्या-आमट्या. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. डावीकडचं कुणी वाटीनं मागत नाही, पण ते नसलं तर जेवण अडतं. गुडइयर, युद्धातलं फ्रान्स आणि तुमची कोजागरी, तिन्हीकडे या कंदाला उजवीकडे वाढलं गेलं. हा कंद डावीकडचा आहे.

भाऊजी : हे तुमचं घरगुती तत्त्वज्ञान झालं. दाखला काय?

वहिनी : दाखला साउथ कॅरोलायनाचा. तिकडे चार्ल्स्टनच्या भागात या कंदाचं लोणचं पिढ्यान्‌पिढ्या घालतात, आर्टिचोक रेलिश म्हणतात त्याला. कंद बारीक चिरायचा, बरोबर कांदा, ढोबळी मिरची, मग व्हिनेगर, साखर, मोहरी आणि हळद. मोहरी आणि हळद, भाऊजी! कृती वाचली तेव्हा मला वाटलं, आपल्याच कुणी आजीबाईंनी लिहिलीय. तिथं त्याची निंदा ऐकू येत नाही, कारण तिथं तो चमच्यानं खातात. जर्मनीत बाडेनमध्ये तर याची दारू गाळतात. इन्युलिन आधी तोडायचं, मग आंबवायचं, म्हणजे जिवाणू तुमच्या पोटात करणार ते काम यीस्ट पिंपात उरकतं.

भाऊजी : दारूचा परवाना मला मिळणार नाही. पण वहिनी, आपली माणसं सुरण खातातच की. तो तर घशाला खाजतो. त्याला उजवीकडची जागा मिळाली ना?

वहिनी : मिळाली, कारण त्याला चिंच-आमसूल लावायचं हे माहीत होतं. वाल खायचे तर भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे. कंदाबरोबर कंदाची रीतही घरात यावी लागते. युरोपनं मका नेला तेव्हा असंच झालं. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्यामुळे त्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. इटलीत नुसता मकाच गेला, चुना मागे राहिला, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा रोग झाला. तुमच्या कंदानं कुणाचा जीव घेतला नाही, पण चूक त्याच जातीची.

भाऊजी : मग याची रीत काय? मला सांगा, मी करतो.

वहिनी : पहिली गोष्ट तुम्हीच करताय, थंडी खाऊ देणं. थंडीत इन्युलिनच्या लांब साखळ्या तुटून आखूड होतात, थोडी साखर सुटते, म्हणून मार्चमधला कंद नोव्हेंबरच्या कंदापेक्षा गोड. त्रास कमी होतो, पण जात नाही, कारण आखूड साखळ्याही जिवाणूंना चालतात. दुसरी गोष्ट आंबट. लिंबू किंवा व्हिनेगर घातलेल्या भरपूर पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळायचा आणि ते पाणी फेकून द्यायचं. आम्लानं आणि उष्णतेनं काही साखळ्या तुटतात, काही पाण्यात उतरतात, आणि आंबटामुळे कंदाचा लगदाही होत नाही.

भाऊजी : आणि तिसरी मी वाचलीय. ओव्हन ९० अंश सेल्सिअसच्या जरा वर ठेवायचा आणि बारा ते चोवीस तास मंद भाजत ठेवायचा. बरंचसं इन्युलिन फ्रुक्टोज होतं, कंद आतून तपकिरी, मऊ, गोड. इथले पश्चिमेकडचे मूळ रहिवासी कामास नावाचा कंद असाच खड्ड्यात तापल्या दगडांवर दीड-दोन दिवस शिजवायचे. त्यातही इन्युलिनच.

वहिनी : आणि फ्रुक्टोज झालं म्हणजे ती शेवटी साखरच झाली ना? गोड करायचा तर तो गोडाचा पदार्थ म्हणून मोजा. दोन्हीकडून फायदा नाही मिळत, भाऊजी.

भाऊजी : तिथं तुम्ही मला पकडलंत. बरं, डावीकडे तर डावीकडे. पण डाव्या बाजूला खपणार किती? माझ्याकडे पोत्यानं निघतो.

वहिनी : म्हणून तर वाफा मोडा म्हणते.

भाऊजी : किंवा बेणं विकतो. महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना हौस आहे बागेची.

वहिनी : बेणं विकणाऱ्यांची गोष्ट मिनेसोटात घडून गेलीय. तेलाच्या भावानं सगळे हैराण होते, त्या काळात, १९८१ मध्ये, मार्शल नावाच्या गावात एक कंपनी निघाली. या कंदापासून अल्कोहोल होईल, गाड्या चालतील, गुरांना चारा होईल, शेतकरी तरेल, असं सांगत बेणं महागात विकलं. शेतकऱ्यांनी लावलं, पीक तर उदंड आलं. पण घ्यायला कारखानाच नव्हता. नफा एकाच मार्गानं, तो म्हणजे पुढच्या शेतकऱ्याला बेणं विकून. १९८३ मध्ये कंपनी बुडाली, चालकांना फसवणुकीबद्दल शिक्षा झाल्या. जोसेफ अमाटो या इतिहासकारानं त्यावर पुढे सबंध पुस्तक लिहिलं.

भाऊजी : आपल्याकडच्या एमूपालनाचंच झालं की हे! पिल्लं पुढच्याला विकायची, मांसाला गिऱ्हाईक नाही.

वहिनी : तेच. आणि या कंदात तर आणखी एक गंमत आहे. एकदा बेणं घेतलेल्याला दुसऱ्यांदा घ्यावं लागतच नाही, कारण खणताना राहिलेला बोटाएवढा तुकडासुद्धा पुढच्या वर्षी दहा फूट होतो. तुमच्या कुंपणापलीकडच्या बाईंना विचारा. त्यांच्या गुलाबांत काय उगवलंय?

भाऊजी : त्या काही बोलल्या नाहीत मला.

वहिनी : माझ्याजवळ बोलल्या. युरोपात नदीकाठांवर तो असाच पसरत सुटलाय, तिथली मूळची झाडं दाबून टाकतो. इथं तो घरचा आहे म्हणून त्याला आवरायला नको असं नाही.

भाऊजी : तुमच्या सगळ्या मुद्द्यांना मान देऊनही मी वाफा मोडणार नाही, वहिनी. सप्टेंबरात बाकीच्या बागेचं रूप उतरतं, तेव्हा ती पिवळी रांग उभी असते. आणि फ्रिजबाहेर, वीज गेली तरी, बर्फाखाली अन्न आहे हे मला बरं वाटतं. तुम्ही त्याला पदार्थ म्हणून बघता. माझ्यासाठी ती शिल्लक आहे.

वहिनी : शिल्लक ठेवा की. पण माझ्या अटी ऐका. कुंपणाकडची रांग सबंध काढायची. जो वाफा राहील त्याच्या कडेनं दीड-दोन फूट खोल पत्रा पुरायचा. या वर्षी एकही कंद मुद्दाम लावायचा नाही. खणताना जे चुकून राहिलेत तेवढे येतील, आणि तेवढेच पुरून उरतील. पुढे बेणं बदलायचंच असलं तर फ्यूझो जातीचं आणा. त्याचा कंद लांबट आणि गुळगुळीत असतो, गाठी कमी, माती कमी.

भाऊजी : आणि खायला?

वहिनी : खणणाऱ्यानंच घासायचे. घासलेले आणलेत तर बाकीचं मी बघते. थोड्यांच्या सालीसकट पातळ काचऱ्या, हिंग-मोहरीच्या फोडणीत, स्टीलच्या कढईत, कारण लोखंडीत काळपट पडतात. थोडा कच्चाच किसून लिंबू-दही-दाण्याच्या कुटाची कोशिंबीर. कच्चा कंद शिंगाड्याच्या अंगानं जातो, मला आवडतो, पण माणशी चमचा-दोन चमचे, कारण कच्च्यात सगळं इन्युलिन शाबूत. बाकी सगळ्याचं मोहरी फेसून लोणचं. आणि पाहुणे असले तर जेवणाआधी सांगायचं.

भाऊजी : सांगितलं तर कोण हात लावेल?

वहिनी : ज्याला लावायचा तो लावेल. न सांगता वाढलं की माणसं एकदाच खातात.

भाऊजी : ठीक. पण एक शेवटचं. परवा एकादशी. कंद आहे, परदेशी आहे, पण बटाटा, रताळं, दाणे, मिरची, सगळे अमेरिकेतूनच येऊन आपल्या उपासात बसले. मग याला का नाही?

वहिनी : शास्त्राची हरकत नसेल, पोटाची आहे. दिवसभर रिकाम्या आतड्यात इन्युलिन सोडायचं आणि वर तुमच्या सोसायटीच्या भजनाला बसायचं? एकादशीला नाही, भाऊजी. द्वादशीला, पारण्याच्या ताटात, डावीकडे, चमचाभर.